चार गुंठ्यांचं पाणी

पाटकरीण व्हायचं तर तोंड दणकट लागतं, हात नंतर. माझ्या तोंडाबद्दल गावात शंभर तक्रारी आहेत, पण ते दणकट नाही असं अजून कुणी म्हणालेलं नाही. इस्फारा नदीचं पाणी आमच्या पाटाला सुटलं की कुणाच्या बागेचं दार कधी उघडायचं आणि कधी बंद करायचं ते मी बघते. ठरवतं पाळीपत्रक. मी नुसतं खोरं चालवते आणि शिव्या खाते.

गेल्या उन्हाळ्यात या पाळ्यांवरून डोकी फुटली होती. एका हेक्टरला दहा तास पाणी, हा आमचा जुना हिशेब. शंभर गुंठ्यांचा हेक्टर. पण कुणाचं २.३४, कुणाचं ०.८७, मग मिनिटांवरून भांडणं. माझ्या आधीच्या पाटकऱ्यावर तर सगळ्यांनी चोरीचा आळ घेतला, आणि बिचारा गाव सोडून लेकाकडं गेला. म्हणून यंदा पाटाच्या मंडळींनी मुअल्लिम नेमतना, शाळेच्या जुन्या मास्तरांना, बोलावलं. निम्म्या गावाला गणित त्यांनीच शिकवलेलं, मलाही. पट्ट्या खाल्ल्यात मी त्यांच्या. ते म्हणाले, दशांश चिन्हानंतर एकच अंक ठेवा, सगळ्यांना एकच नियम, ना कुणाची भीड ना कुणाशी वैर. माणसं इतकी दमलेली होती की सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, खोटं कशाला बोलू.

आणि मग पत्रक हातात आलं. मवजुदाच्या नावापुढं ०.० लिहिलेलं.

मवजुदा म्हणजे सासरहून परत आलेली पोर. मूल होत नाही म्हणून त्यांनी तिला एका गाठोड्यासकट दारात आणून सोडली. बापानं मरताना चार गुंठे तिच्या नावावर केले, त्यात जर्दाळूची झाडं. थोरला भाऊ शेरअली रशियात कामाला. त्यानं फोनवर स्पष्ट सांगितलेलं: यंदा बागेनं तुझं पोट भरलं तर ठेव, नाहीतर ती शेजारच्या कोदिरला विकू आणि तू माझ्या बायकोच्या हाताखाली राहा. त्याची बायको कशी आहे ते मला माहीत आहे. तिच्या हाताखाली मांजरसुद्धा राहत नाही.

चार गुंठे म्हणजे ०.०४. एका अंकावर आणलं की शून्य. पलीकडच्या कोदिर-अकाचे, अका म्हणजे आमच्याकडं दादा, पाच गुंठे, ०.०५, ते वर सरकून झाले ०.१. म्हणजे त्याला अर्ध्या तासाच्या जागी अख्खा तास, आणि भिंतीच्या अलीकडं थेंब नाही. मे महिना, फळं आवळ्याएवढी झालेली, वरून ऊन नुसतं भाजून काढणारं. कोदिर-अकाच्या बागेतून पाणी रस्त्यावर वाहायचं आणि मवजुदा नळावरून बादल्या आणून झाडांच्या बुडाशी ओतायची. बादलीनं कधी जर्दाळूची तहान भागते का? रोज सकाळी तिच्या झाडांखाली हिरव्या फळांचा सडा असायचा. मी खोरं घेऊन तिथून जाताना मान खाली घालायचे.

कोदिर-अकाला मी बोलले. तो म्हणाला, मी कुठं मागितलं होतं, पत्रकानं दिलं. खरंच होतं ते. शेवटी एकदा मी मवजुदालाच म्हटलं, बाई, त्याचं पाणी वाहून चाललंय, मी दार थोडं तुझ्याकडं फिरवते, कुणाला कळतंय. ती घाबरली.

"नको आपा. दुसऱ्याच्या पाळीचं पाणी हराम. माझ्या वाट्याला नाही तर नाही."

मग मी मुअल्लिमकडं गेले. ते वेलीच्या मांडवाखाली चहा पीत बसलेले. मी तावातावानं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मला पियाला भरून दिला आणि म्हणाले, "होसियत, तोशमतचे २.३४ होते, मी २.३ केले. त्याचे किती गेले? चार गुंठे. मवजुदाचे किती गेले? चारच. दोघांकडून मी सारखंच घेतलं. यात अन्याय कुठला?"

तोशमत-अका म्हणजे गावातला सगळ्यात मोठा बागवाला. त्याची चोवीस मिनिटं गेली, हिचीही चोवीस मिनिटं गेली. आकडे तर बरोबर होते. चुकतंय हे मला पोटातून कळत होतं, पण मुअल्लिमपुढं पोटाला कोण विचारतो? मी चहा तसाच ठेवून उठले. रस्ताभर स्वतःशीच भांडत घरी आले, आणि त्या दिवशी माझ्या नातवंडांनी विनाकारण बोलणी खाल्ली.

आमच्या मंडळींची बैठक चायखान्यात होते, आणि बैठकीला ओश, म्हणजे आमचा पुलाव, शिजतो. ओश शिजवणं हे बायकांचं काम नाही असं पुरुष म्हणतात. पण पाटाचं खोरं बाईच्या हातात दिलंय तर कढईतला झारा का नको, असं म्हणून त्या खेपेला मी पाळी मागून घेतली. सगळं घरून वजन करून नेलं. गाजर परतलं, मटण शिजलं, तांदूळ मोकळा झाला, वास असा सुटला की तोशमत-अका दोनदा येऊन झाकण उचलून गेला.

मोठा थाळ मधोमध ठेवला. सगळ्यांनी हात घातला. पहिला घास, दुसरा घास, आणि हात हळू पडायला लागले. कुणी बोलेना, कारण यजमानणीला नावं ठेवायची नसतात. शेवटी मुअल्लिमच म्हणाले, "होसियत, मीठ विसरलीस."

"विसरले नाही मुअल्लिम. तुमच्या नियमानं केलं. तांदूळ दोन किलो चाळीस ग्रॅम होता, २.०४. एका अंकावर आणला, २.०. मीठ चाळीस ग्रॅम, ०.०४. एका अंकावर आणलं, शून्य. दोघांतून सारखेच चाळीस ग्रॅम काढले. यात अन्याय कुठला?"

लोक हसले. तोशमत-अकाला तर ठसका लागला. मुअल्लिम हसले नाहीत. त्यांनी बोटांतला भात थाळाच्या कडेला ठेवला आणि हात पुसले. मला वाटलं, चुकले मी. माझ्या तोंडानं आजपर्यंत पुष्कळ माणसं दुखावलीत, पण हा म्हातारा दुखावला जायला नको होता.

मग ते बोलायला लागले, आणि आवाज अगदी वर्गातला. म्हणाले, हे मीच शिकवायचो. दशांश चिन्हानंतर किती घरं ठेवायची हा एक हिशेब, आणि पहिल्या खऱ्या अंकापासून किती अंक ठेवायचे हा दुसरा. मालाचा आकार सारखा असेल तर पहिला चालतो. तांदूळ आणि मीठ एकाच तागडीत असले की तो हिशेब मिठाला खातो. "भांडण मिटवायच्या घाईत मी सोपा तो उचलला," ते म्हणाले. "चिन्हापासून मोजत बसलो. मोजायचं होतं ते माणसाच्या पहिल्या अंकापासून."

म्हणजे सुरुवातीची शून्यं सोडायची, पहिला शून्य नसलेला अंक धरायचा आणि तिथून दोन अंक ठेवायचे. तोशमत-अकाला लगेच धसका, माझं आणखी कमी होणार का? मुअल्लिमनी सांगितलं, तुझे २.३ होते, २.३ च राहतात. मवजुदाचे ०.०४, तसेच. कोदिरचे ०.०५, तसेच.

"म्हणजे माझा तास गेला," कोदिर-अका म्हणाला. "अर्धाच राहिला. एवढं काय अडलंय? मीठ नव्हतं तरी खाल्लंच ना सगळ्यांनी?"

"कुठं खाल्लं?" मी म्हटलं, आणि थाळाकडं बोट केलं. कोदिर-अका लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याच्या बाजूचंही उकरून खाणारा माणूस. त्याच्या पुढ्यात ओशाचा ढीग जसाच्या तसा होता. तो त्याच्याकडं बघत राहिला आणि मग पुटपुटला, बरं, अर्धा तर अर्धा.

मीठ मी पदरात बांधून आणलं होतं. ते वरून भुरभुरलं, आणि थाळ साफ झाला.

त्याच दुपारी कोदिर-अकाची पाळी होती. अर्धा तास झाल्यावर मी दार फिरवायला गेले तर मुअल्लिम माझ्याआधी तिथं उभे, हातात घड्याळ. म्हणाले, आज खोरं मला दे. त्यांनी दोन ढेकळं काढली आणि पाणी मवजुदाच्या बागेत शिरलं.

आवाज ऐकून ती घरातून धावत आली. पाणी बघितलं आणि थेट गुडघ्यांवर बसली. मला वाटलं, आनंदानं. पण ती दोन्ही हातांनी चिखल ओढत होती. आलेलं पाणी ती अडवत होती, कोदिर-अकाच्या बाजूला परत लोटत होती. "चुकून आलंय आपा, लवकर फिरवा, माझं नाही हे, माझं नाही," असं तिचं चाललेलं. आपल्या नावापुढचं शून्य त्या पोरीनं केव्हाच खरं मानलं होतं.

मुअल्लिम पाण्यात उतरले, बुटांसकट. खाली वाकून त्यांनी तिचे चिखलाचे हात धरले.

"तुझंच आहे पोरी. मोजताना माझ्या हातून सांडलं होतं."

तिनं हात काढून घेतले आणि रचलेला चिखल बाजूला सारायला लागली. पाणी पहिल्या झाडाच्या आळ्यात गेलं, मग दुसऱ्या. चोवीस मिनिटं आम्ही तिघं तिथंच उभे होतो.

गळालेली फळं काही झाडाला परत लागत नाहीत. पण उरलेली टिकली, पिकली, छपरावर वाळली. पाटकरणीला पहिली थाळी द्यायची रीत आहे, ती घेऊन मवजुदा माझ्या अंगणात आली होती तेव्हाच शेरअलीचा फोन आला. माल किती भरला, त्यानं विचारलं.

"बासष्ट किलो तीनशे ग्रॅम, अका."

"बासष्ट म्हण की सरळ."

"नाही अका. तीनशे ग्रॅम पण आहेत."

मग तो म्हणाला, बरं, बासष्ट किलो तीनशे, चांगलं आहे, पुढच्या वर्षी झाडांना खत घाल. विकायचं नावही त्यानं काढलं नाही. मुअल्लिमनी हे ऐकलं असतं तर म्हणाले असते, बासष्टांत तीनशे ग्रॅम सोडले तरी चालतात, हिशेब बिघडत नाही. मला ते ठाऊक होतं. मी गप्प बसून जर्दाळू खात राहिले.