काठीच्या जागी काडी

आमच्या शाळेत चौथीचा वर्ग खोलीत कमी आणि मैदानावर जास्त असतो. त्याचं श्रेय माझं, उगाच विनय कशाला! भागाकार खड्यांवर, परिमिती दोरीने, दिशा उन्हावरून. बाकीच्या बाया फळा खरडत बसतात, माझी पोरं गुडघे मळवून घरी जातात आणि शिकलेलं विसरत नाहीत. प्रशिक्षण केंद्रात एक जागा रिकामी झाली होती, मैदानावर कसं शिकवायचं ते इतर शिक्षकांना शिकवायची. वीस वर्षं खडूची धूळ खाल्ली होती मी. ती जागा मला हवी म्हणजे हवीच होती.

मागच्या तपासणीत मी मैदानात काठी रोवून दाखवली. दर तासाला सावली मोजायची आणि आलेख काढायचा. साहेबांनी शेरा मारला, 'काठीत मुलांचा सहभाग दिसत नाही.' आता काठीत कसला सहभाग, कपाळ! पण केंद्रातली जागा द्यायची त्यांच्याच हातात, साहेबांपुढे बोलणार कोण? मग मी काठीऐवजी मुलं उभी करून पाहिली, आळीपाळीने. एक ताडमाड, एक बुटकं. सावल्या कुठल्या कुठे गेल्या आणि आलेखाची पार वाट लागली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की दिवसभर पोर एकच हवं.

दुसऱ्याचं पोर उन्हात उभं केलं तर आई सकाळी भांडायला दारात. काडीसाठी कोण येणार होतं? काडी माझ्या बहिणीची मुलगी. बहीण गेली, मेहुण्यांनी दुसरा संसार थाटला आणि पोर माझ्याकडे आली. नऊ वर्षांची, अंगाने बारीक, म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव काडी. माझ्याच वर्गात होती. घरी मावशी, शाळेत बाई, हा नियम मी पहिल्याच दिवशी घालून दिला. एकदा हजेरीला 'हजर, मावशी' म्हणाली आणि सगळा वर्ग खिदळला. तासभर उभी केली मी तिला. पुन्हा कधी चुकली नाही.

तपासणीच्या दिवशी शिपाईकाकांनी सकाळीच मैदानावर पाणी मारलं, धूळ बसावी म्हणून. काडीच्या पावलांभोवती मी फक्कीने खुणा केल्या. नऊची सावली मोजली, दहाची मोजली. मधल्या वेळात ती खुशाल झाडाखाली बसत होती. मी काही राक्षसीण नाही. पण अकराला फोन आला, साहेब निघालेत, कुठल्याही क्षणी पोचतील. साहेब फाटकातून आत आले आणि खुणांवर कोणी नसलं तर? मी तिला म्हटलं, "आता जागचं हलायचं नाही."

बारा वाजले. साहेबांचा पत्ता नाही. मुलांनी वर्गात बसून डबे खाल्ले, काडीने उभ्यानेच चार घास गिळले. चक्कर येऊन पडली तर माझंच नाक कापलं जाईल, म्हणून मी तिला पाणी पाजलं. एक बाटली, मग दुसरी. नको म्हणत होती, तरी पाजलं.

एकची सावली मोजताना ती हळूच म्हणाली, "मावशी, मला जायचंय."

माझ्या डोक्यात सणक गेली. टेप धरलेली दोन पोरं ऐकत होती. "मावशी कोण इथे? नीट बोल."

"बाई, मला जायचंय. लवकर येते."

"साहेब कोपऱ्यावर आलेत. एवढी मोठी घोडी झालीस, पाच मिनिटं कळ निघत नाही?"

कोपऱ्यावर कोणी नव्हतं. मी धडधडीत खोटं बोलले.

साहेब आले सव्वादोनला, सोबत दोन पाहुणे. गाडी फाटकात वळली तेव्हाच मी काडीकडे पाहिलं. तिचे मोजे ओले होते. पायाखालची फक्की भिजून पसरली होती. पोरगी खाली बघत होती, पण पाय मात्र खुणांवरच होते.

साहेब खूश दिसले. "वा! सगळ्यात छोटी सावली कधी पडली, बाळ?"

"बाराला. एकोणतीस सेंटीमीटर," काडी म्हणाली.

"शाब्बास! आणि हे ओलं कसलं?"

"पाणी मारलंय, साहेब," मी घाईघाईने म्हणाले.

मागून एक कार्टं ओरडलं, "ते तर सकाळीच वाळलं, बाई!" आणि वर्ग हसायला लागला. आधी दोघंतिघं, मग सगळेच. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ती जागा हातातून निसटताना मला दिसली. मी काडीच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "बाटली सांडलीस ना गं तू? धांदरटच आहेस."

तिने वर पाहिलं. क्षणभर वाटलं, आता सांगेल. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं आज वाटतं. तेव्हा नव्हतं वाटत.

"हो, बाई," ती म्हणाली.

साहेबांनी मान डोलावली. तीनची सावली मोजून आलेख पुरा झाला, असा सुबक की पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. जाताना साहेब म्हणाले, "केंद्रात कधी रुजू होताय?"

संध्याकाळी मी घरी येताना खाऊ आणला. काडी आधीच पोचली होती. मोजे धुऊन दोरीवर घातलेले, स्वतःच. मी पुडा तिच्यापुढे ठेवला. तिने हात लावला नाही.

"खा ना गं. माझं काम झालं आज, तुझ्यामुळे."

"नको, बाई."

मला वाटलं, चुकून म्हणाली. शाळेची सवय. मी हसून म्हटलं, "अगं वेडे, आता घरी आलोय आपण. घरी मावशी म्हणायचं."

काडी उठून उभी राहिली. दोन्ही पाय जुळवून, हात सरळ खाली सोडून, दुपारी उभी होती तशी.

"हो, बाई," ती म्हणाली.