सप्टेंबरचं पान

त्या पत्राला बाइंडरकाकांनी उत्तर दिलंच नव्हतं. तीन महिने ते खळीच्या डब्याखाली पडून होतं आणि डबा उचलला की काका तो घाईने पुन्हा त्यावरच ठेवत. पत्र चर्चच्या मंडळीच्या चिटणिसांचं. अक्षर मोत्यासारखं, मजकूर सुरीसारखा: ‘आपण सप्टेंबरसाठी लिहिलेले चिंतन उपासकांच्या हाती देण्याजोगे नाही. पुस्तिकेची बांधणी आपल्याकडेच आहे. तरी ते पान असे काढावे, की तिथे पान होते याची खूणही राहू नये.’

पुस्तिका दरवर्षीचीच. बारा महिन्यांची बारा चिंतनं, एकेका पानावर एकेक महिना. पेरणी, पानगळ, गारठा, पालवी आणि त्यात प्रभूचा हात कुठे दिसला ते मंडळीतल्याच कुणी कुणी लिहायचं. नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी ती वाटली जायची. यंदा सप्टेंबर, कापणीच्या उपकारस्तुतीचा महिना, काकांकडे आला. काकांचं लेखन छापण्याआधी कुणी वाचलंसुद्धा नाही. आयुष्यभर पुस्तकांत नाक खुपसून बसलेला, चार माणसांत तोंड न उघडणारा हा बापडा, तो काय वाकडं लिहिणार?

पण आदल्या सप्टेंबरात काकू गेल्या होत्या. काकांनी लिहिलं: ‘आज सगळे भरल्या हातांनी तुझे उपकार मानायला आले आहेत. माझे हात रिकामे आहेत आणि मी तुझ्यावर रागावलो आहे. पण घरी बसणार नाही. रिकामे हात घेऊन तुझ्याच दारात उभा राहीन. दार तू उघड.’

छापील पानं कमिटीच्या हाती आली आणि गदारोळ झाला.

“दादा, त्या पत्राला आता दाढी फुटेल,” धाकटी बहीण दोऱ्याला मेण लावता लावता म्हणाली. काकू गेल्यापासून ती भावाकडेच राहायची. “हो तरी म्हण, नाही तरी म्हण.”

“माझंच चुकलं असेल गं. मी कोण मोठा लागून गेलो?”

“कुणीच नाहीस. म्हणून काय राग यायचा नाही?”

डिसेंबर संपत आला तेव्हा दुपारच्या उन्हात चिटणीस स्वतःच कारखान्यात येऊन उभे राहिले. दोनशे पुस्तिका टाके घालून तयार, फक्त पुठ्ठे चढायचे बाकी.

“काका, रविवार तोंडावर आला. पान काढलंत?”

मनातल्या मनात काकांनी तीन महिने उत्तरं जुळवली होती. तरी आता “काढतो,” ते पुटपुटले. बहिणीने दोरा खाली ठेवला.

त्यांनी वरची पुस्तिका उघडली, पट्टी ठेवली आणि अगदी घडीला लागून पातं ओढलं. सप्टेंबर अलगद हातात आला. खूण म्हणून उरली नाही.

“बघा, किती सोपं होतं!” चिटणिसांनी पुस्तिका घेतली आणि कौतुकाने स्वतःचा एप्रिल उघडला. पुनरुत्थानाचा महिना त्यांनी लिहिला होता. घरात तो दोनदा मोठ्याने वाचूनही दाखवला होता. त्यांनी पान उलटलं आणि एप्रिल सुटून त्यांच्या बुटांवर पडला.

“हे काय?”

बहीण खुदकन हसली. “एक कागद, दोन पानं, चिटणीससाहेब. घडीच्या या बाजूला तुम्ही, त्या बाजूला दादा. दादाला मुळापासून कापलं की तुम्हाला धरायला कोण?”

चाळीस वर्षं पुस्तकं बांधणाऱ्या हाताला हे का ठाऊक नव्हतं? पण भीतीने हातही आंधळा झाला होता. काका खाली वाकले, एप्रिल उचलला, सप्टेंबरशेजारी ठेवला. दोन्ही कडा एकमेकींना तंतोतंत जुळल्या. काकांनी त्या जोडावरून बोट फिरवलं.

“मग थोडी पट्टी सोडून कापा,” चिटणीस म्हणाले. “तेवढ्यावर टिकेल ना?”

“टिकेल.”

“झालं तर!”

“नाही कापणार.”

आवाज आपलाच आहे हे कळायला काकांना क्षणभर लागलं.

“नाही म्हणजे?”

“नाही म्हणजे नाही. टिकेल, पण मी कापणार नाही.”

“लोक काय म्हणतील? श्रद्धेला तडा जातो अशाने!”

“माझ्या श्रद्धेला गेलाय का, ते मला विचारलंत कधी? मी एक रविवार चुकवला नाही.” काकांनी पातं उचलून खणात टाकलं.

चिटणीस लालबुंद झाले. “हे लेखी द्या मला. कमिटीपुढे ठेवतो. पुढच्या वर्षी बांधणी तुमच्याकडे येईल अशी आशा धरू नका.”

“लेखी देतो. तेच मला जमतं.”

चिटणीस तरातरा निघून गेले. एप्रिल मात्र टेबलावरच राहिला.

काकांनी चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं:

‘आपले सप्टेंबरचे पत्र मिळाले. उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल क्षमा असावी. पानाबद्दल मागणार नाही. क्रुसावर प्रभूनेही आपल्या पित्याला मोठ्याने ‘का’ म्हणून विचारले. ते पान पवित्र शास्त्रातून आजवर कुणी कापलेले नाही. ते काढले असते, तर पुनरुत्थानाचे पानही आपल्या हाती राहिले नसते. रविवारी पुस्तिका अखंड आणतो. नको असतील तर दारात उभा राहून मीच वाटीन. एक प्रत मी कापली, ती चूक माझी. ती मी ठेवून घेत आहे.’

“क्षमा कशाला मागितलीस?” बहिणीने खांद्यावरून वाचलं.

“उशिराची मागायलाच हवी.”

कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी काकांनी लिफाफा पुन्हा उघडून पाहावा म्हणून नख लावलं. पण पाकीट त्यांनी स्वतःच्या खळीने चिकटवलं होतं, ते उघडेना. त्यांनी ते फटीत सरकवलं आणि सोडून दिलं.