हलवलेलं रक्त

धाड गावच्या माणिकरावांचं हर्नियाचं ऑपरेशन सोमवारी ठरलं होतं. ते लांबलं असतं तर चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत त्यांना लेझीम खेळता आलं नसतं. पथकाची पहिली ओळ त्यांनी कधी सोडली नव्हती.

बुलडाण्याच्या दवाखान्यात सर्जननी रिपोर्ट पाहिला. रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट्स जेमतेम अडतीस हजार.

"इतक्या कमी असताना ऑपरेशन करता येत नाही. पुढे ढकलू."

"पुढं म्हंजे कधी?" कलाबाईंनी, त्यांच्या पत्नीने, विचारलं.

"कारण सापडेपर्यंत. महिना, दोन महिने."

माणिकराव बाहेर बाकावर जाऊन बसले. रिपोर्ट जिथून आला त्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत कलाबाई त्यांना उठवून घेऊन गेल्या.

तिथल्या डॉ. मधुवंती यांनाही आकडा खटकला होता. उरलेल्या रक्ताची काच त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होत्या.

"प्लेटलेट्स भरपूर आहेत, पण त्यांचे गोळे झालेत. मशीनला गोळे मोजता येत नाहीत. हे रक्त आलं कुठून?"

"धाडहून. सकाळी शेजारच्या पूनम नर्सनं घरीच काढलं. ह्यांले उपाशी राहवत नाई ना!"

"वाटेत काय झालं?"

"काय नाई झालं ते विचारा! जीपमधी बसल्यापासून नळी हलवूनच राह्यले. मले वाटलं, ताक करून राह्यले का काय!"

"गोठू नये म्हणून हो!" माणिकराव उसळले. "पूनमनं उलटीपालटी केली, म्या पाह्यलं ना. फवारणीचं औषध हलवलं नाई तर तळाले बसते. मंग अळी मरत नाई."

मधुवंती हसल्या. "काका, पूनमने ती हळूच उलटवली असेल. रक्तात एक प्रथिन असतं, दोऱ्याच्या गुंडाळीसारखं. प्रवाह संथ असला की ते गुंडाळलेलंच राहतं. नस अरुंद झाली किंवा कापली गेली की तिथे प्रवाहाची ओढ वाढते. त्या ओढीने दोरा उलगडतो आणि प्लेटलेट्स त्याला चिकटून गोळा करतात. जखमेवर ते हवंच असतं. पण तुम्ही तीच ओढ नळीत निर्माण केलीत."

माणिकरावांनी थोडा विचार केला. "म्हंजे रक्ताले वाटलं, मले जखम झाली?"

"तसंच समजा."

"बिचारं रक्त," कलाबाई म्हणाल्या, "मालकाले ओळखतच नाई!"

रक्त गोठू नये म्हणून नळीत असलेल्या औषधामुळेही कधी कधी गोळे होतात. ती शंका उरू नये म्हणून मधुवंतींनी दुसरं रक्त मुद्दाम तशाच नळीत घेतलं, ती चार-सहा वेळा अलगद उलटवली आणि लगेच तपासली. तोवर माणिकराव दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. कलाबाईंनी तशी ताकीदच दिली होती.

दोन लाख बारा हजार. काचेवर गोळे नाहीत.

नवा आकडा पाहून सर्जननी सोमवार कायम केला.

"अन् लेझीम, साहेब?"

"आत्ता फेब्रुवारी आहे. एप्रिलपर्यंत खेळाल. उड्या मात्र यंदा बेताच्या."

"बेताच्या म्हंजे किती?" माणिकरावांनी विचारलं. कलाबाईंनी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं.

परतीच्या जीपमध्ये कलाबाईंनी पिशवीतून त्यांच्या खोकल्याच्या औषधाची बाटली काढून दिली. वर छापलं होतं : घेण्यापूर्वी चांगले हलवा. माणिकरावांनी ते दोनदा वाचलं आणि बाटली जपून परत केली.

"तूच हलव वं."