पडायची खोली

खुशालरावानं मळ्यात दोन खोल्या बांधल्या होत्या, एक पडायला आणि एक टिकायला. पहिलीचं पडणं मात्र त्यानं घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर वडिलांनी, किसनरावांनी, अकोल्याबाहेरचा तो तुकडा दिलाच नसता, आणि मुंबईला शिकायला गेलेल्या पोरानं हे काय खूळ आणलं म्हणून जुन्या शहरापर्यंत बोभाटा झाला असता.

मुंबईच्या कलाशाळेत वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला बाकीची पोरं खांबाखांबांचे राजवाडे रंगवत बसली होती. यानं हट्ट धरला, चित्र नको, मी प्रयोग करतो. वऱ्हाडच्या काळ्या मातीत घरं तडकतात, गोऱ्या साहेबांचे बंगलेही त्यातून सुटत नाहीत. ते का आणि त्यावर उपाय काय, हाच माझा विषय. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या भिंतीला सुखानं उभं राहू देत नाही. म्हणून विटा, दारं, वरचं मातीचं सपाट छत म्हणजे धाबं, सगळं सारखं ठेवून त्यानं शेजारीशेजारी दोन खोल्या उठवल्या. एकीचा पाया सगळे घालतात तसा काळ्या मातीतच, दुसरीचा खोल खणून खालच्या कठीण मुरमावर टेकवलेला. पहिली तडकली आणि दुसरी नाही तडकली, की प्रयोग सिद्ध. प्रोफेसर काणेकरांनी ते डोळ्यांनी पाहायचं आणि मगच त्याला पास करायचं, असं ठरलं होतं. नाहीतर वर्ष बुडालंच.

भाद्रपद लागेपर्यंत पहिली खोली हवी तशी तडकली. भेगा रुंदावत गेल्या तसा खुशालराव हरखत गेला. स्वतःच्या घराची भिंत फाटताना पाहून कुणी हरखतं का? पण प्रयोगाचं वेड लागलं की माणसाला तेवढंही भान राहत नाही. "खोल्याइत कोणी जाऊ नका," एवढंच सांगून तो काणेकरांना आणायला अमरावतीला गेला. ते तिथं कामासाठी आले होते.

दुसऱ्या दिवशी टांगा मळ्याशी थांबला. दोन्ही खोल्या शेणामातीनं लिंपून, चुन्यानं पोतारून लखलखत होत्या. भेग म्हणून नावाला दिसत नव्हती.

"दोन्ही उत्तम आहेत की," काणेकर म्हणाले. "मग तुमच्या खोल पायाचा उपयोग काय?"

खुशालराव तोंड उघडतो तोच पडायच्या खोलीतून घंटी वाजली. तो धावत दाराशी गेला. आत महालक्ष्म्या बसल्या होत्या. समोर त्याची आई पार्बताबाई आरतीचं ताट घेऊन उभी, आणि भिंतीपर्यंत दाटीवाटीनं शेजारपाजारच्या बाया.

"माय, बाहेर निघ! साऱ्याजणी निघा!"

"काहून वरडून राहिला रे? नवी खोली म्हून यंदा इथंच बसवल्या. बसल्या महालक्ष्म्या मधातच हालवतेत का?" पार्बताबाई दटावून म्हणाली. "अन् तुह्या भेगा म्या बुजवल्या. एवढा मोठा साहेब येनार, त्याले पोराचं काम फाटलेलं दिसू द्याचं का?"

पोराची लाज राखली होती तिनं. खुशालरावाला संताप आला आणि त्याच वेळी रडूही फुटायला झालं. वर पावसानं भिजून जड झालेलं धाबं होतं, खाली आई होती. दाराशी पडलेलं खुरपं उचलून त्यानं भिंतीवरचं ओलं लिंपण ओरबाडलं. खपली सुटली आणि भेग उघडी पडली. मनगटापर्यंत हात आत गेला. वरून माती झरझर बायांच्या डोक्यावर पडली, तशी बायांची आरतीही थांबली.

काणेकर पुढं वाकले. "वा! बरोबर हेच तुम्ही लिहिलं होतं! पास झालात असं समजा."

पार्बताबाईनं ताट खाली ठेवलं. "तुले ठावूक होतं, हे फाटनार म्हून?"

"हो, माय. त्याच्याचसाठी बांधली."

"पडाले बांधली? अन् मले सांगतलं नाही?"

पास झाल्याचा आनंद खुशालरावाला शोधूनही सापडेना.

पार्बताबाईनं देवीसमोर नाक घासून माफी मागितली, थोरल्या महालक्ष्मीचा मुखवटा स्वतः उचलला आणि बायांना बाहेर काढलं. दुसऱ्या खोलीच्या उंबऱ्याशी मात्र ती थबकली.

"हे कायच्यासाठी बांधली? पडाले का राहाले?"

"राहाले."

"मंग आंधी तू जाय. साहेब, तुमीबी जा."

"पाया भक्कम आहे, शंकाच नाही," असं म्हणत काणेकरांनी खिशातलं घड्याळ पाहिलं आणि ते अंगणातच उभे राहिले.

खुशालराव आत गेला. खालचा मुरूम त्यानं स्वतः पारखला होता, तरी त्याची नजर वरच्या धाब्याकडे गेली. इतके महिने तो या भिंती निरखत होता, पण त्यांच्याखाली आपलं माणूस बसेल हे त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं. तो खाली बसला. बाहेर कुणी हललं नाही. पार्बताबाईनं भिंतीकडे पाहिलंच नाही, ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. बऱ्याच वेळानं तिनं उंबरा ओलांडला.

"सरक तिकडं," ती म्हणाली, आणि तिनं थोरलीला भिंतीशी मांडलं.