पाइपावरची पोरं

गल्लीतल्या पोरांत तिच्याइतकं भिंतीवर सरसर चढणारं कुणी नव्हतं, म्हणून तिला 'पाल' म्हणायचे. नाव दादानं ठेवलं, आणि ते इतकं चिकटलं, की शाळेत बाईंनी हजेरी घेताना खरं नाव पुकारलं की तिलाच वाटायचं, ही कोण नवीन मुलगी आली?

आता त्या नावानं हाक मारणारं कुणी राहिलं नव्हतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दादा गेल्या वर्षी गेला. चष्म्याच्या ज्या दुकानात ती अर्धं आयुष्य चष्मे बसवून देत आली, तिथं मालकापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळे तिला मावशी म्हणत. मुलगा आई म्हणे, पण तेही बहुतेक फोनवर. तो बायको-मुलीला घेऊन दूरच्या शहरात राहायचा.

दादा होता तोवर रविवारी सकाळी त्याचा फोन ठरलेला. "पाले, उठलीस का?" इथून सुरुवात व्हायची आणि गाडी फिरून फिरून ओढ्यावरच्या त्या पाइपाशी येऊन थांबायची. गावाला पाणी नेणारा जाडजूड लोखंडी पाइप, पोराच्या कवेत जेमतेम मावेल असा. तो ओढ्याच्या या काठावरून त्या काठावर गेलेला, आणि खाली नुसते दगड. शाळा सुटली की दप्तरं काठावर फेकायची आणि हात पसरून पाइपावरून पलीकडे जायचं. पुढे पाल, मागे दादा आणि सगळ्यात शेवटी भोपळा, शेजारच्या घरातला त्यांचा दोस्त. पलीकडे जाऊन करायचं काय? काहीच नाही. बोरं खायची, भांडायचं, आणि रस्त्यावरचे दिवे लागले की परत त्याच पाइपावरून घरी यायचं. आई दारात उभी असायची. "पाय मोडून घेऊन आलात ना, तर उरलेला मी मोडीन," एवढं म्हणून ती पानं वाढायला घ्यायची. कुठं होतात, असं विचारायची पद्धतच नव्हती.

हे सगळं भाऊ-बहीण एकमेकांना दर रविवारी नव्यानं सांगायचे. दादा गेल्यावर रविवारची सकाळ भलतीच लांब झाली. ती उगाचच भांडी घासून ठेवायची आणि घासलेलीच पुन्हा विसळायची.

सुट्टीत मुलगा-सून-नात राहायला आली, तेव्हा म्हणूनच घराला पालवी फुटल्यासारखं झालं. नात आठ वर्षांची. तिला ती ठकी म्हणायची. ठकी गोड होती, शहाणी होती, आणि जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी उतरायची. तिच्या मनगटावर एक घड्याळ होतं. ती कुठं आहे ते आईबापाला फोनवर कळायचं, आणि फाटकाबाहेर गेली की ते टुंई टुंई करायचं.

"कुत्र्याच्या गळ्यात पट्टा असतो, तसं झालं हे," आजी एकदा म्हणाली.

सून हसली, पण सावरून म्हणाली, "आई, बाहेर किती गाड्या असतात, तुम्ही बघता ना. जीव टांगणीला लागतो हो."

त्यात खोटं काही नव्हतं. सून वाईट नव्हतीच मुळी.

संध्याकाळी ठकी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून पडली आणि आजीनं पाइपाची गोष्ट सांगितली. ठकीचे डोळे बशीएवढे झाले.

"आणि पडली असतीस तर?"

"पडले का? नाही ना!"

"कुणीच नाही पडलं?"

"कुणीच नाही. अगं, वाऱ्यासारखी जायचो आम्ही. भीती म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं."

ठकीनं तिचा हात हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला. जणू तो हात काही वेगळ्याच गोष्टीचा बनलेला असावा. कितीतरी महिन्यांनी कुणी तिच्याकडे असं पाहत होतं.

दुसऱ्या दिवशी मुलगा आणि सून मित्राच्या घरी जेवायला गेले. ठकीला कंटाळा येईल म्हणून तिला आजीकडे ठेवलं. इमारतीच्या मागे, जुन्या गोदामाला लागून एक विटांची भिंत होती. इकडून कमरेइतकी, पलीकडून पुरुषभर उंच आणि माथ्यावर चांगली रुंद. आजी-नात फिरत फिरत तिथं गेल्या.

"चढतेस?" तिनं विचारलं.

ठकीनं भिंतीकडे पाहिलं, मग आजीकडे. "चढू?"

"चढ की! पालीची नात ना तू?"

तिनं ठकीला उचलून वर ठेवलं. ते घड्याळ मध्येच टुंई टुंई करेल म्हणून काढून स्वतःच्या खिशात टाकलं. सुरुवातीला ती हात धरून बाजूनं चालली. मग म्हणाली, "आता सोडते हं. हात पसर. खाली नाही बघायचं, समोर बघायचं."

ठकी हात पसरून चालू लागली. उन्हात तिची सावली भिंतीवरून उतरून जमिनीवर पसरली होती. बघता बघता आजीच्या छातीत काहीतरी इतकं भरून आलं, की तिनं टाळ्या वाजवल्या, मोठ्यानं, लहान मुलीसारख्या. ठकी मध्यावर थांबली. "आजी," ती म्हणाली. आवाज बारीक होता.

"शाब्बास! चल, चल, थांबू नकोस!"

ठकीनं पाऊल टाकलं आणि एक वीट हलली.

ती इकडच्याच बाजूला पडली हे नशीब. पण हातावर पडली. दवाखान्यात फोटो काढला, मनगटाला चीर गेली होती. डॉक्टरीण म्हणाली, "मुलांची हाडं लवकर जुळतात, आजी, घाबरू नका," आणि प्लास्टर घालायला घेतलं. ठकी रडत नव्हती. ओठ घट्ट मिटून बसली होती.

मुलगा धावतच आला. आधी मुलीला जवळ घेतलं, मग तिचं दुसरं मनगट पाहिलं.

"हिचं घड्याळ कुठंय?"

तिनं खिशातून घड्याळ काढून त्याच्या हातात दिलं. तो काही बोलला असता तर बरं झालं असतं. तो बोलला ते घरी आल्यावर, ठकी झोपल्यावर.

"काय विचार करून चढवलंस, आई?"

"अरे, आम्ही तर याच्या दसपट..."

"माहितीये मला. लहानपणापासून ऐकतोय. पाइप, ओढा, दादामामा." त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "तुमच्यातली जी वाचली, ती गोष्टी सांगायला उरली, आई. एवढाच फरक असतो."

"तुम्ही तिला कापसात गुंडाळून ठेवणार, मग ती..."

"ठेवू. आमची आम्ही गुंडाळू."

सून मधल्या दारात उभी होती. तिनं नवऱ्याला नजरेनं गप्प केलं, पण सासूकडेही पाहिलं नाही.

ठरल्यापेक्षा आधीच ती मंडळी निघाली. ठकीची शाळेची तयारी, हात दाखवायला त्यांचा नेहमीचा डॉक्टर, अशी कारणं होती, खोटीही नव्हती. गाडीत बसताना ठकीनं धडधाकट हात हलवला. गाडी वळली. आजी वर आली तर सोफ्यावर ठकीचा एक मोजा राहिला होता. तो धुऊन तिनं वाळत घातला.

दुकानात मालकाला तिनं झालेलं सांगितलं. तो तिच्या मुलापेक्षाही लहान. "अहो मावशी, आजकालची पोरंच नाजूक," तो म्हणाला. "तुमच्या वेळची मजा कुठं आता!" तिनं मान हलवली, पण मनाचं समाधान काही झालं नाही. ह्याला काय ठाऊक आमची वेळ? तिथं असलेलं कुणीतरी हवं होतं. ज्यानं म्हणावं, हो गं, होतो आपण तसे, वेड लागलं नव्हतं तुला.

असा आता एकच माणूस उरला होता, भोपळा.

भोपळ्यानं जन्मभर बस चालवली. आता गुडघ्याचं ऑपरेशन होऊन मुलाकडे राहत होता, शहराच्या दुसऱ्या टोकाला. दादा गेला त्या दिवशी तो येऊन कोपऱ्यात उभा राहिला होता, पण गर्दीत बोलणं झालं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी ती बस पकडून त्याच्याकडे गेली.

दार त्याच्या सुनेनं उघडलं. "या ना काकू! बाबा गॅलरीत आहेत. बरं झालं आलात, दिवसभर बोलायला कुणी नसतं त्यांना."

भोपळा खुर्चीत बसला होता. नाव आता शोभत नव्हतं, चांगलाच वाळला होता. चष्मा एका बाजूला झुकलेला.

"कोण, पाल?" तो म्हणाला.

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते लपवायला तिनं त्याच्या नाकावरचा चष्माच काढून घेतला. "हा कुठून बसवून घेतलास? वाकडा आहे पार." दोन्ही अंगठ्यांत दांडी धरून तिनं हलकेच वाकवली, उजेडात धरून पाहिली आणि परत त्याच्या डोळ्यांवर चढवली. "आता बघ."

"आता दिसलीस," भोपळा म्हणाला. "म्हातारी झालीस की गं!"

दोघं पोटभर हसली. चहा आला. मग तिनं ठकीचं सगळं सांगितलं. भिंत, वीट, प्लास्टर, मुलाचं बोलणं. सांगता सांगता ती तावातावानं बोलू लागली.

"ह्यांना कळतच नाही रे. आपण कसे होतो! कसली भीती नाही, कसला घोर नाही. तू, मी, दादा. आठवतं ना, पाइपावरून कसे धावत जायचो?"

भोपळा कपातला चहा ढवळत राहिला. साखर केव्हाच विरघळली होती.

"धावत तुम्ही दोघं जायचात," तो म्हणाला. "मी बसून यायचो."

"म्हणजे?"

"घोड्यावर बसतात तसा. पाय दोन्हीकडे टाकून, सरकत सरकत. तुम्ही तोवर पलीकडे पोचून बोरं खात असायचात. चड्डी गंजानं लाल व्हायची माझी."

तिनं आठवून पाहिलं. इतक्या वर्षांच्या रविवारांत एकदाही पाइपावर बसलेला भोपळा आला नव्हता. तिला फक्त पुढचं दिसायचं, पलीकडचा काठ. मागं वळून ती बघायचीच कुठं?

"तुला भीती वाटायची?"

"रोज. शाळेत शेवटच्या तासाला पोटात कळ यायची. बाईंना वाटायचं मी ढोंग करतो."

"मग यायचास कशाला, मेल्या?" ती जवळजवळ ओरडलीच. "कुणी जबरदस्ती केली होती?"

"घरी कोण होतं?" भोपळा म्हणाला. ह्यात तक्रार नव्हती, भाव विचारल्यावर दुकानदार सांगतो तसं त्यानं सांगितलं. "आई गेलेली. बाबा कारखान्यातून रात्री यायचे. कुलूप काढून आत गेलं की त्या घरात माझीच चप्पल वाजायची. त्यापेक्षा पाइप परवडला. पलीकडे तुम्ही होतात."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. ती त्याच्याकडे पाहत राहिली. शेजारच्या घरात राहणारा हा मुलगा. त्याची आई नव्हती हे तिला माहीत होतं, जसं त्याच्या दाराचा रंग निळा होता हे माहीत होतं. त्यापलीकडे कधी तिनं पाहिलं नव्हतं.

"बोलला का नाहीस कधी?"

"काय बोलणार? तुम्ही म्हणाला असतात, भित्रट आहे, ह्याला नको आणायला." तो जरा हसला. "दादाला माहीत होतं पण. परतताना अंधार पडला की तो माझ्या मागे चालायचा. काही न बोलता."

हेही दादानं तिला कधी सांगितलं नव्हतं. एकाच दुपारी तिचं लहानपण दोनदा तिच्या हातून निसटलं. एकदा भोपळ्याच्या तोंडून आणि एकदा मेलेल्या भावाकडून.

निघताना भोपळा म्हणाला, "रागावलीस?"

"नाही रे."

"येत जा. मला ऐकायला आवडतं, तू सांगतेस तसं. तुझ्या गोष्टीत मी धावतो तरी."

बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. सगळा रस्ता ती बाहेर पाहत होती, पण बाहेरचं तिला काही दिसत नव्हतं. डोळ्यांपुढे भिंतीच्या मध्यावर थांबलेली ठकी होती. ती थांबली होती. हाक मारली होती. आणि आपण टाळ्या वाजवत होतो.

घरी येऊन तिनं मुलाला फोन लावला. "ठकीला दे जरा," ती म्हणाली. तिकडून पावलांचा आवाज आला.

"आजी! प्लास्टरवर सगळ्या वर्गानं चित्रं काढली."

"हो का? दुखतं का गं अजून?"

"खाजतं."

"ठके, एक विचारू? भिंतीवर तुला भीती वाटली होती?"

तिकडे ठकी प्लास्टर खाजवत असावी, खरखर ऐकू आली. मग म्हणाली, "चढतानाच वाटली होती."

"मग बोलली का नाहीस, बाळा?"

"तू इतकी खूश होतीस ना."

फोन कानाला घट्ट धरून आजी उभी राहिली. तिकडे ठकी चित्रांबद्दल सांगत होती, एक मासा आहे, एक विमान आहे. मग तिला कुणीतरी हाक मारली आणि मुलाचा आवाज आला.

"आई?"

"हं."

"सगळं ठीक ना?"

"हो. तू बरोबर बोललास, एवढंच सांगायचं होतं."

"जेवलीस का?" त्यानं विचारलं.

"जेवले," ती म्हणाली.

अजून तिनं गॅसही पेटवला नव्हता. फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली, दिवा लावला, आणि एका माणसाला किती तांदूळ लागतात ते इतक्या वर्षांनीही अंदाजानंच घेतले.