धर्माप्रमाणे सेवा

हॉस्पिटलच्या काउंटरवर धर्म विचारला, तेव्हा माझा नवरा स्ट्रेचरवरून ओरडला, “बौद्ध!” मांडीचं हाड मोडलेलं, अंगभर कारखान्यातलं ग्रीस, तरी आवाज खणखणीत.

या एका शब्दापायी ह्यांनी बरंच काही सोडलंय. तरुणपणी केंद्र सरकारची नोकरी समोर आली होती. तेव्हा तिथे बौद्धांना आरक्षणाची सवलत नव्हती, म्हणून माझ्या थोरल्या दिरांनी कागदावर ‘हिंदू महार’ लिहिलं आणि ते नोकरीला चिकटले. आता पेन्शन घेऊन आरामात आहेत. हे म्हणाले, “माझ्या बापाने छप्पन्न साली जे टाकलं, ते मी उचलणार नाही.” आणि आमचे हे सुदामराव आनंदनगरच्या कारखान्यात मशीनवर उभे राहिले ते आजतागायत. तिथेच शनिवारी सकाळी साखळी सुटली आणि लोखंडी साचा त्यांच्या मांडीवर पडला.

कारखान्याची सोय उल्हासनगर कॅम्प चारच्या या हॉस्पिटलात होती. दोन हजार सात साल, हॉस्पिटल नवंकोरं, लाद्या आरशासारख्या. हॉस्पिटलच्या मालकांना कसलंसं मोठं सर्टिफिकेट हवं होतं, म्हणजे परदेशातले पेशंटही येणार म्हणे. ह्यांचा पाय वर टांगला, त्याला वजन लावलं. मोठे डॉक्टर सोमवारी येऊन ऑपरेशन करणार होते. तोवर हलायचं नाही. दुखलं तर इंजेक्शन द्या, असं ते फोनवर सांगून मोकळे झाले.

दुपारी दुखायला लागलं. नर्सने पांढरी गोळी दिली. त्या गोळीने डोकं थांबलं असतं, मांडी कशी थांबणार?

“इंजेक्शन लिहिलंय ना?” मी विचारलं.

“लिहिलंय ताई, पण कॉम्प्युटर अडवतोय.”

“कॉम्प्युटरचं काय मोडलंय? दुखतंय ह्यांना!”

मग कीर्ती मॅडम आल्या. पेशंटच्या सगळ्या सोयी त्या बघायच्या. वयाने माझ्यापेक्षा लहान, गोड बोलणाऱ्या. हातात छापील कागदांचा गठ्ठा. इंटरनेटवर परदेशी विद्यापीठांच्या वेबसाइट असतात म्हणे, कुठल्या धर्माच्या पेशंटला कसं वागवावं ते सांगणाऱ्या. त्या बसून बसून मॅडमनी सगळ्या वाचल्या होत्या आणि हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरमध्ये भरल्या होत्या. धर्म टाकला की जेवण, औषध, प्रार्थना सगळं आपोआप ठरायचं.

“अंजनाताई, इथे तुमच्या श्रद्धेचा पूर्ण मान राखला जाईल,” त्या म्हणाल्या आणि वाचून दाखवू लागल्या. बौद्ध पेशंट शुद्ध शाकाहारी असतो, कांदालसूणही वर्ज्य. त्याला शांतता लागते. मन जागं राहावं म्हणून तो गुंगी आणणारी औषधं टाळतो. द्यायचीच झाली तर त्याच्या भिक्खूंची लेखी संमती घ्यावी.

“मॅडम, आमच्याकडे रविवारी मटण असतं,” मी म्हटलं. “आणि ह्यांना गुंगी हवीय. तेच तर मागतोय आम्ही.”

“दुखणं वाढलं की पेशंट तसं म्हणतो. नंतर त्यालाच आयुष्यभर टोचणी लागते. हेसुद्धा दिलंय इथे.” त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. “माझ्यामुळे तुमचा धर्म मोडायला नको.”

बाई उर्मट असती तर मी वॉर्ड डोक्यावर घेतला असता. जीन्सच्या कारखान्यात शिलाईचं काम करताना शेटशी रोज तेच करते. अपमान केला की भांडता येतं. पण ही मान देत होती, आणि त्या मानातून बाहेर कुठून पडायचं तेच मला कळेना. दुसरीकडे न्यावं तर टांगलेल्या पायाला हात लावायची सोय नाही.

मी महेंद्रला फोन केला. तो आमच्या विहारातला बौद्धाचार्य. आमच्या वस्तीतली सगळी लग्नं, नामकरणं तोच लावतो, आणि एरवी अंबरनाथला फिटर आहे. शिफ्ट सोडून तसाच आला.

“दुखू द्या असं धम्मात कुठाय? सांगा, कुठे सही मारू?”

मॅडमनी त्याचा निळा युनिफॉर्म वरपासून खालपर्यंत बघितला. मग कागदावरचा फोटो बघितला. त्यात मुंडण केलेले, चीवर पांघरलेले कुणीतरी डोळे मिटून बसले होते.

“पण हे भिक्खू नाहीत,” त्या हळहळून म्हणाल्या.

आमचे भन्तेजी औरंगाबादकडे गेलेले, लवकर येणार नव्हते. महेंद्र भांडला, मोठ्याने भांडला. मग पेशंटच्या शांततेसाठी वॉचमनने त्याला बाहेर नेलं.

रविवार उजाडला तेव्हा ह्यांचे ओठ पांढरे पडले होते. घोट घोट पाणीसुद्धा नको म्हणत होते. जेवायला उकडलेला दुधी आला, त्याच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. जरा हललं तरी वजन पाय खेचायचं आणि ह्यांच्या घशातून जो आवाज निघायचा, तो मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. मला त्या वजनाचा राग यायचा, मॅडमचा यायचा, आणि खोटं कशाला बोलू, ह्यांचाही यायचा.

वॉर्डाच्या दाराशी कॉम्प्युटरवर कैलास बसायचा. बदलापूर गावातला, टक्कल पडलेला, भला माणूस. त्याने मला खुणेने बोलावलं.

“काकी, येक सांगू? धर्माच्या जागी हिंदू टाकतो. नाव सुदामच हाय, कोनाला काय कलनार? इंजेक्शन लगेच सुटंल.”

त्या क्षणी मला धर्मबिर्म काही नको होतं. माझ्या माणसाचं कण्हणं थांबायला हवं होतं, बस. मी ह्यांच्या उशाशी जाऊन सांगितलं. ते डोळे मिटून म्हणाले, “लिही म्हणावं.”

मीच विचारलं होतं, तरी ते ऐकून मला रडू फुटलं.

कैलासने बटणं दाबली. नर्स इंजेक्शन भरून खाटेशी येऊन उभी राहिली. आणि कैलास थांबला.

“काकी, आनखी येक रकाना आलाय. हिंदूंत जेवनखान जातीपरमानं वेगलं, म्हनून जात विचारतंय. ती टाकल्याबिगर औषध सुटत नाय.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “माझीच टाकू का? आगरी?”

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण वॉर्ड लहान होता.

“काय विचारतोय तो?” ह्यांनी विचारलं.

“काही नाही. तुम्ही पडा.”

“अंजना, काय विचारतोय?”

“जात,” मी पुटपुटले. त्यांनी डोळे उघडले. कपाळावरची शीर ताठ झाली होती.

“कैलासभाऊ, ते सगळं पुसा,” ते म्हणाले. “बौद्ध लिहा.”

“अहो, इंजेक्शन समोर आहे!” मी ओरडले. “कॉम्प्युटरच तो, त्याला काय कळतंय? सोमवारनंतर पुन्हा बदलू. माझ्यासाठी घ्या!”

“त्याला काही कळत नाही. मला कळतंय ना.” त्यांनी माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली. “सिस्टर, घेऊन जा ते.”

मी नर्सचा हात धरला. तिने तो हलकेच सोडवला. कैलासने मान खाली घालून पुन्हा बटणं दाबली आणि नर्स सुई घेऊन निघून गेली. माझ्यासमोरून गेली, आणि मी काहीही करू शकले नाही.

थोड्या वेळाने मॅडम लगबगीने आल्या. त्यांच्या कानावर गेलं होतं.

“पेशंटने स्वतः नाकारलं?”

“हो मॅडम,” मागोमाग आलेली नर्स म्हणाली. “भरलेलं इंजेक्शन परत पाठवलं.”

मॅडमचे डोळे भरून आले. त्यांनी खाटेच्या पायथ्याशी उभं राहून ह्यांना हात जोडले. त्यांच्यापुढे कण्हायचं नाही म्हणून ह्यांनी चादरीचा बोळा दातांत धरला होता आणि डोळे गच्च मिटले होते.

“बघितलंस?” मॅडम नर्सला हळूच म्हणाल्या. “वेबसाइटवर अगदी बरोबर दिलंय. हे लोक असेच असतात.”