सत्तावीस मिनिटं

ती मोटार कोणत्या साली विलायतेत बनली हे तिच्या कागदावर लिहिलेलं होतं. पण कागदावर लिहिलेल्या गोष्टीवर माझा आता विश्वास नाही. का नाही, तेच सांगतो.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता त्या वर्षांतली गोष्ट. चिमण्या अर्ध्याच वर गेल्या होत्या आणि लाल मुरमाची धूळ जेवणाच्या डब्यातसुद्धा सापडत असे. मी एका ठेकेदार कंपनीच्या गॅरेजात होतो. कंपनीचं नाव सांगून उपयोग नाही. बांधकाम संपलं तशी तीही गेली. गॅरेजात ट्रक होते, डंपर होते, आणि मोठ्या साहेबांसाठी ही एक काळी मोटार होती. कोण्या लहानशा संस्थानातून मोडीच्या भावात उचललेली. साहेबांसमोर आम्ही तिला राणी म्हणत असू, त्यांची पाठ वळली की बुढी.

बुढीचं इंजिन ठणठणीत होतं. तिचा सगळा रोग विजेचा. तारांवरचं कापडी वेष्टन वाळून पापडासारखं तुटत असे. उरलेलं उंदीर खात. गाडी पळत असली की दिवे लख्ख, फाटकापाशी थांबली की मिणमिण. डायनामोचे कार्बन झिजलेले, म्हणून बॅटरी भरत नसे. आणि भरली तर कट-आउट, म्हणजे डायनामो आणि बॅटरी जोडणारी-तोडणारी कळ, चिकटून उभ्या गाडीत रिकामी होत असे. चाक डावीकडे वळवलं की हॉर्न आपोआप वाजायचा. एकदा एका रशियन साहेबाच्या दारात तो असा अडकला की साहेब बनियनवरच बाहेर धावत आला.

पण तिचं मूळ दुखणं होतं अर्थची पट्टी. बॅटरीतून निघालेल्या विजेला परत यायला रस्ता लागतो. इंजिनापासून सांगाड्यापर्यंत तांब्याची विणलेली पट्टी असते, तोच तो रस्ता. पट्टीच्या टोकाला हिरवं चढलं किंवा नट ढिला झाला की गाडी सुरू करायचा सेल्फ दाबल्यावर नुसतं 'टक्' होतं आणि गाडी उभीच राहते. दिवे मात्र झकास, हॉर्न खणखणीत. नवा माणूस बॅटरी बदलतो, सेल्फ उतरवतो, दिवसभर घाम गाळतो. खरी खूण वेगळीच आहे. विजेला हक्काचा रस्ता मिळाला नाही की ती चोकच्या तारेतून परत जायला बघते, आणि ती तार तापते. तार गरम लागली की समजायचं, पट्टी. हे मला कोणी शिकवलं नाही. बोट भाजलं तेव्हा कळलं.

माझे वडील डोंगरगडला रेल्वेत डब्यांच्या दिव्यांवर होते. डब्याखाली सरपटतच मी मोठा झालो. पण माझ्याकडे शाळेचा दाखला नव्हता, म्हणून कंपनीत मी खलाशी, म्हणजे मिस्त्रीचा मदतनीस, रोजंदारीच्या मस्टरवर. मिस्त्री होते शेषराव, माझ्या बायकोचे, हिराचे, थोरले भाऊ. मला कामाला त्यांनीच लावलं. ते उपकार मी नाकारत नाही, आणि त्यांनीही मला ते कधी विसरू दिले नाहीत.

गॅरेजात कामाची एक वही होती. कोणत्या गाडीत काय बिघडलं, कोणी शोधलं, कोणी काढलं. नियम असा की वहीत नाव मिस्त्रीचंच यायचं. खलाशाचा हात वहीला लागायचा नाही. बुढीखालून मी तेलकट पाठीनं बाहेर निघत असे आणि शेषराव पेन उघडून विचारत, "काय होतं, गुलाबराव?" मी सांगायचो, ते लिहायचे. खाली सही. चार वर्षं हे चाललं. माझं नाव पुसायला मीच मजकूर सांगत होतो, हे तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

मग पक्क्या मिस्त्रीची एक जागा निघाली. पक्की नोकरी म्हणजे पक्की खोली. आम्ही पावर हाउसच्या पलीकडे कॅम्पात टिनाच्या झोपडीत राहत होतो. मी, हिरा आणि माझी माय, ठकूबाई. कंपनीच्या खोल्या विटांच्या होत्या. दारात नळ, छताला विजेचा दिवा. दिवसभर दुसऱ्याच्या मोटारीचे दिवे लावायचे आणि घरी येऊन रॉकेलची चिमणी पेटवायची, याची मला चीड येत असे. पण खरी निकड मायच्या डोळ्यांची होती. नागपूरच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर परत येत नाही, वर्ष-दीड वर्ष जेवढं दिसेल तेवढं पाहून घ्या, म्हणाला. माय चिमणीच्या उजेडात गोधडी शिवायची आणि दर थोड्या वेळानं सुई पुढं करायची. "गुलाब, दोरा ओवून दे रे. बिजलीचा दिवा लागला का मीच ओवीन."

परीक्षा बुढीवरच ठेवली, तेव्हा सगळं गॅरेज हसलं. जागा माझीच, असं जो तो म्हणत होता. नागपूरहून दाखला घेऊन आलेला शामराव नावाचा मुलगा होता, तोही म्हणाला, "हम तो बस नाम के लिए बैठे हैं, गुलाबरावजी."

परीक्षक साहेब कलकत्त्याहून आले होते. गॅरेजचं दार लावून त्यांनी शेषरावांच्या हातून बुढीत एक बिघाड घालून घेतला. शोधायला तीस मिनिटं. माझा नंबर पहिला.

मी ड्रायव्हर भैयालालला म्हटलं, "दिवे लाव आणि सेल्फ दाब." टक्. दिवे जराही मंद झाले नाहीत. मी चोकच्या तारेला बोट लावलं. गरम. पाना घेतला, खाली वाकलो, नट सोडला. पट्टीच्या टोकाखाली जाड कागदाचा गोल तुकडा घालून नट वरून छान आवळलेला होता. बाहेरून पाहिलं तर सगळं ठीक. मी तो कागद काढला, नट पुन्हा आवळला, कागद साहेबांच्या हातावर ठेवला आणि म्हणालो, "साब, ये आपका कागज." भैयालालनं सेल्फ दाबला आणि बुढी एका झटक्यात सुरू झाली.

कुठून आली मला ती मस्ती? आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. पन्नास सेकंद. शाबासकीसाठी मी पुढं झालो होतो, पण त्यांचा चेहरा आंबट झाला. आधी ही गाडी पाहिली होती का, असं त्यांनी विचारलं. मी छाती काढून सांगितलं, "चार साल से मैं ही देखता हूँ, साब." त्यांनी वही मागवली. पान उलटलं, दुसरं उलटलं. चार वर्षांत अर्थची पट्टी एकवीस वेळा, आणि एकवीस वेळा शेषराव. माझं नाव कुठंच नाही.

"साब, लिखा इन्होंने, किया मैंने."

साहेब शेषरावांकडे वळले. "सच है?"

शेषरावांचं नाव त्याच आठवड्यात फोरमनच्या जागेसाठी वर गेलं होतं, आणि ते गेलं होतं याच वहीच्या जोरावर. त्यांनी वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. चिंधीनं एकेक बोट पुसलं. हात स्वच्छच होते.

"नहीं साब. खलासी है, औजार पकड़ाता है. नट खोलते टाइम दरवाजे में से झाँका होगा."

भैयालालनं तोंड उघडलं. पण ड्रायव्हरला कोण विचारतो? त्यानं ते मिटून घेतलं. साहेबांनी माझ्या नावापुढं 'लबाडी' असा शेरा मारला आणि मला एक वर्ष परीक्षेला बंदी केली. मग शामरावासाठी दुसरा बिघाड घातला. त्यानं तो अठ्ठावीस मिनिटांत शोधला, आणि जागा त्याला मिळाली.

संध्याकाळी शेषराव आमच्या झोपडीत आले. मला वाटलं, माफी मागतील.

हिरानं पाण्याचा गडवा पुढं ठेवला. "भाऊ, खरं कावून नाई सांगितलं तुनं?"

"हिरा, माह्या मागं पाच लेकरं हायेत. वही खोटी निंगाली असती तं फोरमनकी गेलीच असती, नोकरीही गेली असती. एक वर्साचा तं सवाल हाय. मी फोरमन झालो का जवाईबापूले मीच चढवतो." मग ते माझ्याकडे वळले, आणि उलट मलाच दटावू लागले. "आन तुमाले एवढी घाई कावून झाली होती, गुलाबराव? साहेबानं मेहनतीनं बिघाड घातला आन तुमी चुटकीत काढला. त्याले वाटलं, आपला बिघाड कच्चा का हा मानूस चोर? साहेब सोताले कच्चा कायले म्हनीन? अर्धा घंटा देला तं अर्धा घंटा घ्या लागते."

हिरा बोलली. "भाऊ, आला हाय तं जेवून जाय. पन भाऊबीजेले येऊ नको."

ते जेवले. दोन भाकरी खाल्ल्या, वरण मागून घेतलं.

कोपऱ्यातून मायनं विचारलं, "खोली भेटली का रे?"

"पुढच्या वर्षी, माय."

"बरं. तवरिक टिकतीन डोये," ती म्हणाली आणि सुई पुढं केली.

ते वर्ष कसं गेलं? जसं आधी चालत होतं तसंच. बुढी बंद पडली की शामराव मान खाली घालून येई, "गुलाबरावजी, जरा देख लो ना." मी जाई. बिचारा पोरगा वाईट नव्हता. वहीत आता त्याचं नाव येत होतं, एवढाच फरक. शेषराव फोरमन झाले. शामरावला नळ मिळाला, दिवा मिळाला. हिरा कॅम्पातल्या एका नळावर चाळीस बायांच्या रांगेत उभी राहत होती. रांगेत शेषरावांची बायको नसायची. आणि माय? तिनं सुई पुढं करणं बंद केलं. आम्हाला वाटलं, गोधडी संपत आली असेल. ती भिंतीला धरून चालू लागली, तर आम्हाला वाटलं, गुडघे दुखत असतील. विचारलं तर हसायची. आम्हीही फार खोदून विचारलं नाही.

वर्षानं पुन्हा जागा निघाली. तीच बुढी, तेच साहेब. घड्याळ धरायला आता फोरमन शेषराव.

भैयालालनं गाडी सुरू केली. चार्जिंगचा लाल दिवा विझला नाही. मी बॉनेट उचललं. डायनामोच्या तारेचं टोक सोडवून, कापडी पट्टीत गुंडाळून, जोडलेलंच दिसेल असं तिथं बांधून ठेवलं होतं, पण पट्टी नवी होती. बुढीच्या पोटात नवं काहीच नव्हतं, मी ओळखणार नाही? अर्धं मिनिटही लागलं नाही.

मग मी बॅटरीपासून सुरुवात केली. दोन्ही टोकं काढली, घासली, बसवली. फ्यूज पाहिले. तपासणीचा दिवा मागितला. हेडलाइटच्या तारा चाचपल्या, ज्यांचा या बिघाडाशी काही संबंध नव्हता. डोकं खाजवलं. अठरा मिनिटं झाली तेव्हा मी शेषरावांकडे तोंड करून म्हणालो, "भाऊ, इकडली तार पाहू का?" शेषरावांनी गंभीरपणे साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली. मी कपाळावरचा घाम पुसला. तो घाम खोटा नव्हता, लाजेचा होता.

सत्ताविसाव्या मिनिटाला मी ती कापडी पट्टी सोडली, तार जोडली, लाल दिवा विझला.

साहेब खूश झाले. काम पद्धतशीर, असा शेरा लिहिला. शेषरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "अब सीख गया, साब. मैंने ही सिखाया."

"जी साब," मी म्हणालो. "इन्होंने ही सिखाया."

बाहेर भैयालाल बिडी ओढत उभा होता. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काउन गा गुलाबराव, बिमार गिमार हायेस का?"

आठ दिवसांत खोली मिळाली. सामान ते काय, एका हातगाडीत मावलं. हिरानं आल्याबरोबर नळ सोडून पाहिला, बंद केला, पुन्हा सोडला. मायला मी हात धरून आणलं आणि खोलीच्या मधोमध बाजेवर बसवलं. दिवस मावळला होता. मी बटन दाबलं. दिवा लागला. भिंतीचा चुना असा चमकला की माझेच डोळे दिपले.

माय मान वर करून बसली होती. चेहऱ्यावर वाट पाहणारं हसू.

"लाव ना रे गुलाब," ती म्हणाली. "बटन भेटत नाई का?"

हिरानं तोंडावर पदर दाबला. नळ तसाच वाहत होता. मी मायकडे पाहिलं. तिचे डोळे सरळ दिव्यावर होते.

"थांब ना, माय," मी म्हणालो. "दिव्यात बिघाड हाय थोडा. पाहून राहिलो."

मी स्टूल ओढलं, वर चढलो, आणि जळत्या दिव्याजवळ हात नेऊन होल्डर चाचपत राहिलो.

"मंग भेटन तुले लवकर," माय खालून म्हणाली. "तुले तं हात लावला का समजते."